आईची झोप आणि ३०९० कार्ड: गिरगावातल्या एका खोलीसाठी वॉटर कूलिंगची निवड

प्रकरण गिरगावातल्या एका चाळीतलं आहे. दोन खोल्या, बाहेरची दहा बाय बारा आणि आत स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ दोन फुटी टेबल, टेबलाशेजारी लोखंडी कपाट आणि समोरच्या भिंतीला आईची खाट. मुलगा थ्रीडी ॲनिमेशनचं काम घरूनच करतो. दिवसा मॉडेलिंग आणि लायटिंग करायचं, रात्री ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्रं तयार करण्याचं काम) लावून झोपायचं आणि सकाळी तयार फ्रेम उचलायच्या, असा त्याचा क्रम. मशीनमध्ये रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर आणि वॉरंटी संपलेलं आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट जुनं, समोरून काचेनं बंद.

रात्री मशीनच्या पंख्यांनी आईची झोप मोडते, म्हणून त्याला वॉटर कूलिंग, म्हणजे पाणी फिरवून मशीन थंड ठेवणं, हवं होतं. माझ्याकडे तो आला तोच यादी घेऊन. एक रेडीमेड कस्टम किट, त्यात सीपीयू ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारी, आतून पाणी फिरणारी धातूची पेटी), पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा एक ३६०चा रेडिएटर, पंप-रिझर्व्हॉयर (पंप आणि पाण्याची टाकी), हार्ड ट्यूब आणि दुधाळ पांढरं कूलंट, म्हणजे फिरवायचं द्रव. कॅबिनेट लियान ली ओ११ डायनॅमिक. बजेट सत्तर हजार. "दादा, पार्ट मी आणतो, तुम्ही फक्त बसवून द्या." असेंब्लीचे पैसे घेऊन मोकळं होणं सोपं होतं. पण यादी वाचताना पहिल्याच ओळीला अडलो. रात्रीचं सगळं रेंडर ग्राफिक्स कार्डावर चालतं, आणि किटमधला ब्लॉक प्रोसेसरचा.

बाजारातल्या बहुतेक किट अशाच असतात. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक प्रत्येक बोर्डाप्रमाणे वेगळा लागतो, म्हणून कंपन्या किटमध्ये सीपीयू ब्लॉकच घालतात आणि कार्डाचा ब्लॉक वेगळा घ्या म्हणतात. गिऱ्हाइकाला वाटतं, आपण पूर्ण संच घेतला. प्रत्यक्षात त्याच्या मशीनमधला सगळ्यात तापट भाग तसाच राहतो.

खरा त्रास कुठे होता

घरी जाऊन पाहिल्याशिवाय मी असली कामं हातात घेत नाही. संध्याकाळी रेंडर लावायला सांगितलं आणि बसून ऐकलं. कार्डाचे तिन्ही पंखे एकदम वर चढायचे, फ्रेम संपली की खाली यायचे, पुढची फ्रेम सुरू झाली की पुन्हा वर. त्याची आई, काकू, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आवाजाचं मला काही नाही रे. खाली रस्ता रात्रभर वाहतोच की. हे मेलं मध्येच थांबतं आणि परत सुरू होतं, तेव्हा जाग येते."

या एका वाक्यानं कामाची दिशा ठरली. नुसता आवाज कमी करायचा नव्हता, तो एकसारखा करायचा होता. दोन फ्रेमच्या मधे ब्लेंडर पुढचा सीन प्रोसेसरवर तयार करतं, तेवढा वेळ कार्ड मोकळं असतं. चिपचं तापमान काही सेकंदांत उतरतं, पंखे चिपकडे बघून चालतात, म्हणून तेही उतरतात. ब्लेंडरमधला पर्सिस्टंट डेटाचा, म्हणजे सीन मेमरीत धरून ठेवण्याचा पर्याय चालू करून हा मधला वेळ कमी होतो. तो केला. जड सीनमध्ये मेमरी पुरेनाशी झाली, म्हणून बंद करावा लागला.

मग पैसे न घालता जे करता येतं ते आधी केलं. ३०९०ची अधिकृत वीजमर्यादा ३५० वॉट. आफ्टरबर्नर या कार्ड नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधून ती ८० टक्क्यांवर, म्हणजे २८० वॉटवर आणली. रेंडरच्या वेळात फरक पडला, पण रात्रभराच्या कामात कुरकुर करावी एवढा नाही. हे कुणीही, कुठल्याही कूलिंगआधी करून बघावं. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॉट उष्णता सोडतो, तेव्हा या एका आकड्यानं खोलीतला जवळजवळ एक माणूस कमी झाला. एसी नसलेल्या खोलीत ही बाब लहान नाही.

त्यानंतर पंख्यांचा वेग एका जागी बांधून पाहिला. चढउतार थांबला, पण मेमरीचं तापमान शंभरावर गेलं. इथे ३०९०ची एक खोड कळून घ्यायला हवी. या कार्डावर २४ जीबी मेमरी आहे आणि तिच्या २४ चिपांपैकी १२ बोर्डाच्या पाठीमागे आहेत. पुढे भलामोठा हीटसिंक, आणि पाठीमागच्या बारा चिपांना फक्त एक पातळ धातूची पाटी. ही जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांच्या आसपास पोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. म्हणजे मुख्य चिप ७० अंशांवर निवांत असते आणि पंखे ओरडतात ते मेमरीसाठी. लॅमिंग्टन रोडवर एकानं त्याला "एआयओ डाल दो, सब ठंडा हो जायेगा" असं सांगितलं होतं. एआयओ म्हणजे पंप, नळ्या, रेडिएटर जोडूनच येणारा तयार वॉटर कूलर. प्रोसेसरवर तो बसवून या आवाजाला काडीचाही फरक पडला नसता.

प्रोसेसर वगळला

५९५०एक्स स्टॉक सेटिंगला जास्तीत जास्त १४२ वॉट घेतो. त्याच्यावर दोन टॉवरचा चांगला एअर कूलर आधीपासून होता आणि रात्रीच्या रेंडरमध्ये प्रोसेसरला फारसं काम नव्हतं. मी सुचवलं ते असं: पाणी फक्त कार्डाला द्यायचं, प्रोसेसर हवेवरच ठेवायचा, आणि सीपीयू ब्लॉकचे पैसे वाचवून दुसरा रेडिएटर घ्यायचा. त्याला हे पचायला वेळ लागला. काचेतून दिसणारे दोन ब्लॉक आणि पांढऱ्या नळ्या हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. मी म्हटलं, "रात्री दिवा बंद केल्यावर ते कोण बघणार आहे? काकू तर नक्कीच नाही."

दोन रेडिएटरचा हिशेब तोंडी करता येतो. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती चिपपासून उचलून पंख्यांपर्यंत नेते. ती हवेत किती सहज सुटेल हे रेडिएटरच्या क्षेत्रावर ठरतं, आणि क्षेत्र कमी पडलं की ते पंख्यांच्या वेगानं भरून काढावं लागतं. ३६०चा एक रेडिएटर म्हणजे १२० मिलिमीटरचे तीन पंखे. २८० वॉट तिघांत वाटले तर प्रत्येकी ९३. साधारण १०० वॉट एका १२०च्या पंख्यावर टाकून पाणी खोलीपेक्षा दहाएक अंशच वर ठेवायचं असेल, तर पंखा मिनिटाला हजाराहून जास्त फेऱ्यांनी फिरवावा लागतो. दोन रेडिएटर घेतले तर वाटा येतो ४७ वॉट, आणि पंखे ७००च्या आसपास ठेवून भागतं. सातशेच्या फेऱ्यांवर बरा पंखा छताच्या पंख्याखाली ऐकूसुद्धा येत नाही.

पाण्याचा दुसरा गुण इथे जास्त कामाचा होता. लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या बंद चक्रात, साधारण एक लिटर पाणी राहतं. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणजे २८० वॉटवर पंधरा सेकंद. तांब्याचं वजन आणि रेडिएटरनं सतत फेकलेली उष्णता धरली तर पाण्याला दहा अंश चढायला कित्येक मिनिटं लागतात. दोन फ्रेमच्या मधल्या काही सेकंदांत त्याचं तापमान हलतही नाही. तेव्हा पंखे चिपच्या तापमानाला न बांधता पाण्याच्या तापमानाला बांधायचे. त्यासाठी लूपमध्ये एक छोटा सेन्सर लागतो, तो मदरबोर्डच्या दोन पिनांच्या टेंपरेचर हेडरला जोडायचा. किंमत किरकोळ, पण तो त्याच्या किटमध्ये नव्हता, आणि काकूंच्या तक्रारीचं उत्तर नेमकं त्या सेन्सरमध्ये होतं.

गॅलरीचा विचार

एक वेगळी वाटही तपासली. जर्मनीच्या वॉटरकूल कंपनीचा मो-रा३ नावाचा बाहेर ठेवायचा रेडिएटर येतो, नऊ पंख्यांचा. नळ्या भिंतीतून काढून तो गॅलरीत टांगला तर आवाजही बाहेर आणि उष्णताही बाहेर. कागदावर याला तोड नाही. उन्हाळ्यात या खोलीला दुसऱ्या कशानंही एवढा आराम मिळाला नसता.

पण चाळीतली गॅलरी ही सगळ्यांची वाट. तिथे मुलं खेळतात, वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी गळतं, श्रावणात झड थेट आत येते, आणि उंदरांना रबरी नळी वर्ज्य नाही. शिवाय चौपाटी जवळ, खारी हवा. स्वतंत्र बाल्कनीचा फ्लॅट असता तर मी हाच मार्ग धरला असता. इथे तो सोडून दिला आणि टेबल खिडकीच्या आणखी जवळ सरकवलं, झड लागणार नाही एवढं अंतर राखून.

कॅबिनेट

ओ११ डायनॅमिक कॅबिनेट चांगलं आहे, यात वाद नाही. वर, खाली आणि बाजूला अशा तीन ठिकाणी ३६०चा रेडिएटर मावतो, लूप बांधायला हात मोकळा राहतो. अडचण त्याच्या रुंदीची. ते २७ सेंटिमीटरच्या थोडं वर आहे आणि मॉनिटर ते कपाट अंतर ३० सेंटिमीटर. बाजूचा रेडिएटर उजव्या पाट्यातल्या जाळीतून हवा घेतो, म्हणजे इथे कपाटाच्या पत्र्यातून. वर आणि खाली असे दोन लावून चाललं असतं, पण मग खालचा रेडिएटर टेबल आणि तळ यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून हवा ओढणार, आणि तळाची जाळी साफ करायला पाण्यानं भरलेलं मशीन उचलायचं. या भागातली धूळ कोरडी नसते. वाहनांचा धूर आणि दमट हवा मिळून ती जाळीवर काळी, चिकट बसते. ज्या कॅबिनेटची जाळी हातासरशी निघत नाही, ते इथे सहा महिन्यांत गुदमरतं.

शिवाय समोरून काच. काचेच्या कॅबिनेटवर माझा राग नाही, पण हवा कुठून येणार याचं उत्तर आधी हवं.

मोजपट्टी लावून जे उरलं त्यात कॉर्सेअर ५०००डी एअरफ्लो बसलं. समोर जाळी, समोर ३६० आणि वर ३६०. रुंदी साडेचोवीस सेंटिमीटर, म्हणजे कपाटापाशी हात घालायला जागा राहते. पुढून मागे लांबी ५२ सेंटिमीटर. दोन फुटी टेबलावर मागे केबल वळवायला जेमतेम पुरली. समोरच्या रेडिएटरची जाडी ३० आणि पंख्याची २५, असे ५५ मिलिमीटर आतल्या लांबीतून वजा केले तरी कार्ड आरामात बसत होतं. हा हिशेब न करता कॅबिनेट घेतलेले लोक माझ्याकडे येतात. जाहिरातीत कार्डाची जी लांबी लिहिलेली असते ती समोर रेडिएटर नसतानाची असते.

वरच्या रेडिएटरखाली रॅम अडते का, एअर कूलरची उंची झाकणाला लागते का, हेही तेव्हाच पाहिलं. पंप-रिझर्व्हॉयर मदरबोर्डशेजारच्या पट्टीवर गेला.

कार्डाचा ब्लॉक

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. ३०९० हे नाव चिपचं. बोर्ड प्रत्येक कंपनीचा आपापला, कधी एकाच कंपनीचे दोन-तीन. कपॅसिटर दोन मिलिमीटर इकडचे तिकडे असले तरी ब्लॉक टेकत नाही, किंवा टेकतो आणि काहीतरी चिरडतो. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात ब्लॉक तयार होता. "३०९० का है ना? बैठ जायेगा." मी कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरचा मॉडेल नंबर दाखवला आणि ब्लॉक बनवणाऱ्या कंपनीच्या यादीशी ताडून पाहिला. तो ब्लॉक रेफरन्स, म्हणजे मूळ आराखड्याच्या बोर्डाचा होता, कार्ड वेगळं. घेतला नाही. बरोबरचा ब्लॉक मागवायला वाट पाहावी लागली, पण तो पाठीमागेही पाणी फिरवणाऱ्या बॅकप्लेटसकट मिळाला. या कार्डावर फक्त पुढचा ब्लॉक लावणं म्हणजे निम्मी मेमरी उन्हात ठेवणं.

बसवताना खरं कसब थर्मल पॅडचं. ब्लॉकसोबत वेगवेगळ्या जाडीचे पॅड येतात आणि कुठे कुठला लावायचा याचा नकाशा. अर्ध्या मिलिमीटरनं जाड पॅड मेमरीवर लागला तर ब्लॉक तिथे उचलला जातो आणि मुख्य चिपशी टेकतच नाही. म्हणून पॅड कापून ठेवल्यावर आधी पेस्ट लावून ब्लॉक एकदा नुसता आवळायचा, मग उघडून बघायचं. प्रत्येक पॅडवर चिपचा चौकोनी ठसा स्पष्ट हवा, पेस्ट कोपऱ्यापर्यंत पातळ पसरलेली हवी. पाठीमागच्या एका ओळीत ठसा अर्धाच उमटला होता. तिथले स्क्रू तिरप्या क्रमानं, थोडे-थोडे आवळल्यावर तो पुरा आला. मग सगळं पुसून, नवी पेस्ट लावून कायमचं बसवलं.

नळ्या, पाणी, पंप

हार्ड ट्यूबला मी नाही म्हटलं. त्या पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या साठ अंशांच्या आसपास नरम पडू लागतात. लूप नीट चालला तर पाणी तिथवर जात नाही, पण मे महिन्यात, खोली ३३ अंशांवर, रात्री एखादा फॅन हब (पंखे जोडायचा सामाईक जोड) बंद पडला तर जाऊ शकतं, आणि घरात सगळे झोपलेले असतात. काळी ईपीडीएम रबराची १०/१६ नळी घेतली. ती दिसायला साधी, पण पारदर्शक पीव्हीसीसारखी तिच्यातून प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) सुटून ब्लॉकच्या बारीक खाचांत चिखल होत नाही. दुधाळ कूलंटही त्याच कारणासाठी बाद. त्यातले रंगाचे कण कालांतरानं खाली बसतात. साधं, रंग नसलेलं कॉन्सन्ट्रेट घेतलं, गंजरोधक आणि शेवाळरोधक असलेलं. त्यात मिसळायचं डिस्टिल्ड वॉटर प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळालं, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

"नळाचं पाणी का नको? मुंबईचं तर चांगलं असतं," हा काकूंचा प्रश्न रास्त होता. तानसा-वैतरणाचं पाणी पिण्याला गोडच आहे, पण त्यात क्षार आणि क्लोरीन असतातच, आणि तांब्याच्या लूपमध्ये ते नकोत. याच मुद्द्यावर स्वस्त रेडिएटरही तपासून घ्यावे लागतात. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असं एकत्र आलं की पाण्यातून विजेचा सूक्ष्म व्यवहार सुरू होतो आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. दोन्ही रेडिएटर तांब्या-पितळेचे घेतले.

पंप डी५. तो डीडीसी या दुसऱ्या प्रकारच्या पंपापेक्षा आकारानं मोठा, पण कमी वेगावर शांत चालतो, आणि एका ब्लॉकच्या लूपला निम्म्याहून कमी वेग पुरतो. कॅबिनेटच्या पत्र्याला तो सरळ आवळला नाही, मधे रबर घातलं.

पावसाळ्यात आत दव धरेल का, ही भीती त्याला होती. धरत नाही. दव जमायला वस्तू हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड हवी. मुंबईत जुलैचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो आणि लूपमधलं पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही.

पाणी भरण्याआधी हातपंपानं लूपमध्ये अर्ध्या बारचा हवेचा दाब भरून काटा अर्धा तास बघितला. मग एसएमपीएसमधून (मशीनच्या पॉवर सप्लायमधून) फक्त पंप चालवला, बाकी मशीनला वीज नाही, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू. सर्वात खालच्या टोकाला ड्रेनचा नळ. फिटिंग्ज मोजून जास्तीच्या घ्याव्या लागतात आणि त्यांच्यावर दहा हजारांच्या घरात खर्च होतो. लोकांचं बजेट इथेच कोलमडतं. याचंही सत्तरच्या थोडं वर गेलं.

काय झालं, काय नाही

मेमध्ये, खोली ३२-३३ अंश, रात्रीच्या रेंडरला पाणी ४३च्या आसपास स्थिर राहतं. मुख्य चिप पन्नाशीच्या थोडी वर, मेमरी ऐंशीच्या आत. सगळे पंखे ७००च्या जवळ, रात्रभर एकाच वेगानं. काकूंची तक्रार बंद झाली. तिची जागा दुसरीनं घेतली: या डब्यामुळे टेबलाखालचा केर काढता येत नाही, कारण टेबल आता हलत नाही.

खोली पूर्वीइतकीच तापते, वजा ते ७० वॉट. हे मी आधीच सांगितलं होतं तरी त्याला उन्हाळ्यात पुन्हा सांगावं लागलं. बेस्टच्या बिलातही पाण्यामुळे बचत नाही, उलट पंपाची थोडी भर.

५९५०एक्सला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणून कार्ड लूपमधून काढावं लागलं तर स्क्रीन काळी. त्यासाठी एक जुनं छोटं कार्ड कपाटात ठेवायला सांगितलं आणि मोठ्या कार्डाच्या दोन्ही बाजूंना क्विक डिस्कनेक्ट लावले, म्हणजे पाणी न सांडता ते बाहेर येतं. समोरची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची, कूलंट वर्षाकाठी बदलायचं. पहिल्या बदलाला मी येणार आहे, पुढचे त्यानं करायचे.

आता तो विचारतो, प्रोसेसरही लूपमध्ये घेऊ का. या प्रोसेसरसाठी नको. उद्या ७९५०एक्ससारखा २३० वॉट ओढणारा घेतला आणि दिवसा सिम्युलेशनची कामं वाढली, तर बघू. दोन रेडिएटरना तेवढा भार जड नाही, पंखे नऊशेच्या आसपास जातील. वरच्या रेडिएटरची दोन रिकामी तोंडं त्यासाठी टोपणं लावून ठेवली आहेत.